राजवाडा नंतर बघू, आधी माळ्यावरची पेटी उघडा

बेळगाव, शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ इकडच्या सगळ्या गल्ल्यांमधल्या पंचमंडळींना आणि युवक मंडळांच्या पोरांना,

नमस्कार. मी शहापूरची, विणकराच्या घरातली. दिवसा उद्यमबागेत एका फौंड्रीत अकाउंट्स बघते, संध्याकाळी घरचं. चार माणसांत उभं राहून बोलायची सवय नाही म्हणून लिहितेय, आणि लिहायला बसले की माझं वाक्य लांबत जातं तेवढं सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत बैठक झाली. विषय वर्गणीचा होता पण बोलता बोलता म्युझियमवर गेला. कुणीतरी म्हणालं, कोल्हापूरवाल्यांकडं न्यू पॅलेस आहे, पाहुणा आला की नेऊन दाखवतात, आपण पाहुण्याला काय दाखवायचं, कुंदा? दुसरा म्हणाला म्युझियम पाहिजे तर आधी राजवाडा पाहिजे की ओ, आपल्यात राजवाडा कुठं आहे. मग किल्ल्याचं नाव निघालं, किल्ल्यात मिलिटरी आहे म्हणून ते मागं पडलं, मग एकजण म्हणाला सिमेंटमध्येच राजवाड्यासारखी बिल्डिंग उठवूया, बुरूज, कमानी, पुढं कारंजं, साहेबांना जाऊन भेटूया, आणि त्याच्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथंच राहिला. मी बायकांच्या रांगेत होते, तिथं काही बोलले नाही. आता बोलते.

न्यू पॅलेस मी सात-आठ वेळा तरी बघितलाय. शाळेच्या ट्रिपला, लग्न झाल्यावर जोतिबा-अंबाबाई करून येताना, मग पोरांना घेऊन, मग धारवाडचे पाहुणे आले तेव्हा. देखणी वास्तू आहे, वादच नाही. काळा घडीव दगड, मध्ये घड्याळाचा मनोरा, बाहेर बाग आणि तळं. १८७७ ला काम सुरू झालं आणि १८८४ ला संपलं, आणि ज्यानं नकाशा काढला तो मेजर मँट साहेब १८८१ मध्येच वारला, त्यानं पुरा झालेला वाडा बघितलाच नाही. आत खालच्या मजल्यावर म्युझियम, छत्रपतींचे पोशाख, तलवारी, बंदुका, फोटो, आणि शिकारीतली जनावरं भुसा भरून ठेवलेली, माझा धाकटा तिथं वाघाच्या जबड्यासमोरून हलायलाच तयार नव्हता. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, दुपारच्या उन्हात ते बघायला पाहिजेत, मोबाईलमध्ये येत नाहीत.

पण ते राजाचं घर आहे, म्हणून राजाच्या वस्तू आहेत. त्यात त्यांची काहीच चूक नाही. शेवटच्या वेळी गेले तेव्हा मात्र माझ्या डोक्यात एक खुळ शिरलं, की तो पोशाख विणला कुणी? शिवला कुणी? दरबारातल्या सतरंजीखालची जमीन सारवायला कोण बाई यायची? ते काही कुठल्या काचेत दिसलं नाही. आणि आपल्या बेळगावचं म्हणाल तर आपला सगळा इतिहासच सतरंजीखालचा आहे ओ.

बघा की जरा. आपला किल्ला जुना आहे, आतली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, रट्ट राजांच्या वेळची, आणि हाकेच्या अंतरावर आदिलशाहीतली साफा मशीद. पण रट्ट झाले, यादव झाले, विजयनगरवाले झाले, बहामनी झाले, आदिलशाही झाली, मराठे झाले, १८१८ मध्ये इंग्रजांचा मन्रो आला, आणि ह्यातल्या बहुतेकांनी बेळगावला ठाणं म्हणून ठेवलं. म्हणजे राजा दुसरीकडं, इथं किल्लेदार नाहीतर कलेक्टर नाहीतर कॅम्पातला गोरा. त्यामुळं गाव वाढलं ते पेठेवर, छावणीवर, कोर्टावर आणि मागावर.

आणि जे मोठं काही इथं झालं ते कुठं झालं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथं सायकलचं दुकान काढलं, त्यातून पुढं लोखंडी नांगर झाला, आणि शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते कारण लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. त्यांना जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये ते औंध संस्थानातल्या माळावर गेले, तिथं किर्लोस्करवाडी झाली, आपल्याकडं उरला किर्लोस्कर रोड. (त्या रोडवर रोज स्कूटर लावणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे हे विचारून बघा, मी विचारलं होतं, एकानं सांगितलं तिथं पूर्वी किर्लोस्करांचं थिएटर होतं.) टिळकांच्या होमरूल लीगची सुरुवात १९१६ मध्ये बेळगावात झाली. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीच्या माळावर भरलं, गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं, सगळी व्यवस्था हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी लावलेली, तंबूंच्या गावाला विजयनगर नाव, आणि पाण्यासाठी मुद्दाम विहीर खणली ती अजून काँग्रेस विहीर म्हणून आहे. दुकान, माळ, तंबू, विहीर. राजवाडा एकात पण नाही.

आमच्या शहापूरची तर आणखी गंमत. बेळगावला लागून असलं तरी शहापूर सांगली संस्थानात, पटवर्धनांचं. आजी सांगायची, आम्ही सांगलीकरांच्या राज्यात राहायचो आणि भाजीला इंग्रजाच्या हद्दीत जायचो. १९४८ ला संस्थान मुंबईत विलीन झालं, १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात, १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक. म्हणजे म्हातारी एकाच चुलीपुढं बसून चार राज्यांत राहिली आणि तिला प्रत्येक वेळी नवीन रेशनकार्डाचीच चिंता. सीमाप्रश्नावर आपण एवढं बोलतो, पण तिचं एक कार्ड तरी कुणी जपून ठेवलंय का? मी नाही ठेवलं. खरं सांगते.

आता मुद्द्यावर येते, आणि मुद्दा माझ्याच चुकीचा आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही जुनं घर पाडलं. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढच्या सोप्यात दोन मागांचे खड्डे, त्यातला एक केव्हाच बुजवलेला. जेसीबी सकाळी नऊला येणार म्हणून आदल्या रात्री माळा रिकामा केला. वर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात आजोबांच्या वडलांच्या वेळच्या चोपड्या, लांबट, लाल खारव्यात बांधलेल्या, कडा वाळवीनं खाल्लेल्या. उघडल्या तर मोडी लिपी. भाऊ म्हणाला, हे कोण वाचणार आहे गं, आणि मला पण ते पटलं, झोप आलेली, अंगावर धूळ. सकाळी रद्दीवाल्यानं काट्याला लावलं, बारा किलो, त्यातही म्हणाला ताई वाळवीचा माल आहे, पूर्ण रेट बसत नाही. शंभराला दहा कमी दिले. त्याच फेरीत दोन धोटे (मागावर इकडून तिकडं सूत नेतात ते), एक फणी आणि कांड्या भरायचा रहाट पण गेला, ते लाकूड म्हणून.

एक चोपडी वाचली ती कपाटामुळं. जुन्या घरात जमीन सरळ नव्हती म्हणून बाबांनी कपाटाच्या डाव्या पायाखाली एक चोपडी घातलेली, कपाट नव्या घरात आलं तसं तिचं गाठोडं बरोबर आलं. मधोमध पायाचा गोल खड्डा पडलाय, शेवटपर्यंत, एकेका पानावर थोडा थोडा कमी होत गेलेला.

ती घेऊन मी कोल्हापूरला मोडी वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या सरांकडं गेले. मनात काय होतं सांगू? सनद निघेल, इनाम निघेल, सांगलीकरांचा शिक्का निघेल. सरांनी चष्मा वर केला, पान उजेडाकडं तिरकं धरलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, ताई, हा सुताचा हिशोब आहे. माझं तोंड पडलं. ते हसले आणि वाचत गेले. कागदावर रेघा नव्हत्या, पान घड्या घालून घालून उभे कप्पे पाडलेले, त्या घडीच्या खुणेत जमा एकीकडं, नावे दुसरीकडं, वर श्री. सुताच्या लड्या इतक्या, भाव इतका. खळीला तांदूळ. धोट्याला नवीन टोक, दीड आणा. मग मध्येच, सुनेच्या बाळंतपणाला उसने रुपये सात. ती सून म्हणजे माझी पणजी असणार, आणि ते बाळंतपण कदाचित माझ्या आजोबांचं. सात रुपये उसने काढून माझा आजोबा ह्या जगात आला हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं, आणि बाकीच्या सात-आठ चोपड्यांत काय होतं ते आता ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही, त्याचे पुठ्ठे झाले.

ज्या सावकाराकडून सूत आलं तो कन्नड. हिशोब मोडीत, मजकूर मराठी, आणि खाली त्याची सही कन्नडमध्ये. एकाच पानावर. त्या दोघांना त्यात काही अडलं नाही. म्हणून मी म्हणते की उद्या आपल्या शहराचं काहीही मांडलं तर चिठ्ठी कन्नडमध्ये पण लिहा आणि मराठीत पण लिहा, कुणाची अक्षरं वर आणि किती मोठी ह्यावर भांडायला आपल्याला दुकानांच्या पाट्या आहेत की, तेवढ्या पुरेत. पण मराठी चिठ्ठी नसली तर मात्र मी भांडेन, कारण त्या चोपडीतलं बाळंतपण मराठीत झालंय. आणि आपल्या लोकांना पण एक टोचून बोलते, मराठी मराठी म्हणून गळा काढणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना मोडीचं एक पान वाचता येतं? मला नाही येत. आपल्या पणजोबाचं अक्षर आपल्याला परकं, ते काही कुणा सरकारनं केलेलं नाही.

राजवाडा नसला तर म्युझियम होत नाही हे मला मान्यच नाही. पुण्यात केळकर म्युझियम बघितलंय का कुणी? दिनकर केळकर नावाचा एक माणूस, अज्ञातवासी नावानं कविता करायचा, त्याचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं त्यानं गावोगाव फिरून वस्तू जमवल्या. कसल्या? अडकित्ते, दिवे, फण्या, करंडे, पानाचे डबे, दौती, वजनं, कुलपं. लोक म्हणायचे खुळा आहे. वीसेक हजार वस्तू झाल्या आणि १९७५ मध्ये सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. आणि कोथरूडचा मस्तानीचा महाल पडायला आलेला, त्याचं लाकूडकाम आणून ह्या माणसानं आपल्या म्युझियममध्ये परत उभं केलं. म्हणजे आपण म्युझियमसाठी राजवाडा शोधतोय आणि तिथं राजवाडाच म्युझियममध्ये आला, अडकित्त्यांच्या पाठोपाठ. कोल्हापुरात सुद्धा न्यू पॅलेसला जाणारे टाऊन हॉलच्या म्युझियमला जात नाहीत, तो पण मँट साहेबाचाच, पण तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणताना सापडलेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची काशाची मूर्ती आहे, पोसायडनची, वीतभर सुद्धा नसेल. कुठला समुद्र, कुठली पंचगंगा. ती मूर्ती कुणा राजाची नव्हे, तिकडून व्यापारानं आलेली, कुणीतरी दुकानदारानंच आणली असणार. मला तर त्या वाघापेक्षा तीच जास्त आवडली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की बिल्डिंग राहू दे. आधी गल्लीत काय आहे ते बघूया.

प्रत्येक गल्लीच्या पंचांकडं एक खोली असतेच, देवळामागची, जिथं पालखीचं सामान, मांडवाचे बांबू आणि जेवणाची भांडी असतात. त्यातलं एक कपाट रिकामं करा. आणि गल्लीत कुणाचंही जुनं घर पाडायचं ठरलं, आणि आता आठवड्याला एक पडतंय, की पंचांनी घरमालकाला फक्त एवढं म्हणायचं, अण्णा, रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी आम्हाला एक दिवस द्या. जमीन नको, पैसे नको, एक दिवस. वस्तू ठेवायची नसली तर फोटो काढून घ्या, नुसता वस्तूचा नव्हे, ती जिथं होती तिथल्या जागेसकट, खुंटीवर असली तर खुंटीसकट. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून चिठ्ठी लिहा, हे काय, कुणाचं, कशाला वापरायचे. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई आपल्या पावसाळ्यात फुटते. तो म्हातारा माणूस ऐंशीच्या पुढचा असेल तर आधी त्याच्याकडं जा, वस्तू थांबेल, तो थांबणार नाही.

कागद सापडले तर हात जोडून सांगते, लॅमिनेशन करू नका. आमच्या ओळखीच्या एकानं भक्तिभावानं घराण्याचा जुना कागद लॅमिनेट केला, त्या उष्णतेनं आणि गोंदानं तो कायमचा गेला, आता तो कागद पण नाही आणि प्लॅस्टिक पण काढता येत नाही. सेलोटेप लावू नका, पिवळा पडून अक्षर खातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आपल्याकडं जून ते सप्टेंबर आत पाणी सुटतं. जुन्या लोकांचं बरोबर होतं, धुतलेल्या सुती कापडात बांधायचं, भिंतीला न टेकवता उंचावर ठेवायचं आणि दसऱ्याच्या सुमाराला सावलीत वारं दाखवायचं, उन्हात नाही.

आणि मंडळाच्या पोरांनो, आता तुमच्याकडं येते. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांना तुम्ही जे करता ते मी लहानपणापासून रस्त्यावर फतकल मारून पहाटेपर्यंत बघत आलेय. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आख्खा आग्र्याचा दरबार उभा करता, थर्माकोलचा खांब दगडाचा वाटतो, कालपर्यंत गॅरेजात काम करणारा पोरगा अफझलखान होऊन उभा राहतो आणि आम्ही घाबरतो. एका रात्रीचं म्युझियमच की ते. मग एक वर्ष, एकच वर्ष, एखाद्या मंडळानं आपल्याच गल्लीचा देखावा करा. खड्ड्यातला माग, त्यावर खरा विणकर, कांड्या भरणारी बाई. किर्लोस्करांचं सायकलचं दुकान. नांगर बघून पळणारा शेतकरी, ह्याला तर टाळ्या नक्की पडतात. महाराजांचा रथ पुढं राहू दे, तो पाहिजेच, त्याच्या मागं आमची एक ट्रॉली. परवा हे एका कार्यकर्त्याला बोलले तर तो म्हणाला, काय ओ ताई, माग बघायला कोण येऊलाय. मी म्हटलं तुझी आजी येईल बघ, आणि ती रडेल.

सरकारकडं जायचंच नाही असं मी म्हणत नाही. जाऊया. पण अकाउंट्सवाली बाई आहे, म्हणून एक माहीत आहे, की हातात स्टॉक लिस्ट असली की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. 'राजवाडा पाहिजे' म्हणून गेलो तर हार घालून, फोटो काढून परत पाठवतील. चाळीस गल्ल्यांची यादी, प्रत्येक वस्तूचा फोटो, कुणाची, कुठल्या सालची, द्यायला तयार आहेत की नाहीत, असं बाड घेऊन गेलो तर जागा कुठली ते त्यांनाच शोधावं लागेल. एखादी जुनी दगडी सरकारी इमारत मिळाली तरी चालेल, गळकी नसली म्हणजे झालं.

माझ्याकडून सुरुवात म्हणून, चोपडी देते. वापरातला नाही असा एक धोटा पण वडगावात मामांच्या घरी सापडलाय, टोक गेलेला, तो देते. आमच्या पंचांनी देवळामागच्या खोलीतलं भांड्यांचं कपाट रिकामं करायचं कबूल केलंय, फक्त पातेली कुठं ठेवायची ह्याच्यावर अजून चर्चा चालू आहे.

आणि एक काम आहे, तुमच्यापैकी कुणाला जमलं तर. चोपडीत शके १८४६, मार्गशीर्ष वद्य अमावास्या अशी एक तारीख आहे. पंचांग बघून सरांनी सांगितलं ती २६ डिसेंबर १९२४, म्हणजे काँग्रेसचं अधिवेशन सुरू झालं तो दिवस. पुढं लिहिलंय, 'माग बंद, दिवस दोन, सबब', आणि सबब काय ते नेमकं कपाटाच्या पायाखाली आलंय, खड्ड्यात अक्षर दबलेलं. आमच्यात अमावास्येला माग बंद ठेवायची पद्धत होतीच, पण ती एक दिवस. मग दुसरा दिवस कशाला? मी सरांना म्हटलं गांधीजी बघायला गेले असतील. सर म्हणाले, ताई, आपल्याला जे वाचायचं असतं ते मोडीत नेहमीच वाचता येतं, म्हणून थांबा. पहिलं अक्षर 'का' असू शकतं, 'ता' पण असू शकतं. ता असेल तर ताप. कुणाच्या घरात मोडी वाचणारे आजोबा किंवा आजी असतील तर कळवा, मी चोपडी घेऊन येते, संध्याकाळी सहानंतर कधीही.

तुमचीच,
शहापूरची एक विणकराची नात